कर्णोपकर्णी

मराठी भाषेत ‘कर्णोपकर्णी’ असा एक मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. गोष्ट एका कानातून दुसऱ्या कानात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात कशी जाते, याचे चित्रच त्या शब्दात उभे आहे. ‘षट्कर्णी होणे’ हा त्याचा सख्खा भाऊ. दोघांतील गोष्ट चार कानांपुरती राहते. तिसरा माणूस आला की कान सहा होतात आणि मग तिला आवरणे कोणाच्याच हाती उरत नाही, असा आपल्या पूर्वजांचा अनुभव. याखेरीज आवई, भुमका, वदंता, हूल, कंडी असे कितीतरी शब्द आपल्याकडे आहेत आणि प्रत्येकाची छटा निराळी आहे. आवई उठते, हूल दिली जाते, कंडी पिकते. वदंता मात्र नुसतीच असते. ज्या समाजाने एका गोष्टीसाठी इतके शब्द घडविले, त्याने त्या गोष्टीचा अनुभवही भरपूर घेतला असला पाहिजे.

आमचे उभे आयुष्य सरकारी कचेऱ्यांत गेले. परिपत्रकाचा वेग आणि तोंडी बातमीचा वेग यांत किती अंतर असते, ते आम्ही गेली तीस वर्षे पाहत आलो आहोत. बदल्यांची यादी तयार होऊन, तिच्यावर सह्या होऊन ती टेबलावर येईपर्यंत आठवडा जातो. पण यादीचा मसुदा ज्या दिवशी होतो त्याच दिवशी दुपारच्या चहाला ती चपराश्यांच्या बाकावर तोंडपाठ असते. गंमत अशी, की पुष्कळदा ती बरोबरही असते. कागद जाऊन संगणक आला, तरी या बाबतीत फारसा फरक पडलेला आम्हांस दिसला नाही. मात्र त्याच बाकावर उठलेल्या शंभर गोष्टींपैकी नव्वद तेथेच विरून जातात, हेही आम्ही पाहिले आहे. मग उरलेल्या दहांत असे काय असते? एखादी गोष्ट वेशीपाशीच थांबते आणि दुसरी पाच प्रांत ओलांडून जाते, याचे कारण काय?

आम्ही इतिहाससंशोधक नाही. पदवीपर्यंत इतिहास शिकलेले आणि पुढे वाचनाचा नाद न सोडलेले एक सामान्य वाचक आहोत. परंतु या प्रश्नाचा विचार करताना आम्हांस दर वेळी एकच प्रकरण आठवते. ते म्हणजे इ. स. १८५७ च्या चपात्यांचे.

त्या वर्षाच्या प्रारंभी उत्तर हिंदुस्थानात गावोगावी चपात्या फिरू लागल्या. मथुरेचे मॅजिस्ट्रेट मार्क थॉर्नहिल यांना एके दिवशी आपल्या कचेरीतील मेजावर जाड्याभरड्या पिठाच्या, बिस्किटाएवढ्या चार चपात्या ठेवलेल्या आढळल्या. चौकशी करता कळले ते असे : कोणी एक माणूस एका गावी आला, त्याने तेथील चौकीदाराला एक चपाती दिली, ‘अशाच चार करून शेजारच्या गावांच्या चौकीदारांना दे आणि त्यांनाही असेच करावयास सांग’ एवढे बजावले आणि तो निघून गेला. दिल्लीच्या तटाबाहेर पहाडगंजचे ठाणेदार मुईनुद्दीन हसन खान यांच्याकडे इंद्रपत गावचा चौकीदार अशीच हकीकत घेऊन आला. त्याच्या निरोपात मात्र चाराऐवजी पाच हा आकडा होता. गुडगावच्या कलेक्टरांनी फेब्रुवारीत वरिष्ठांना कळविले. नर्मदेकाठी निमाडात मंडलेश्वर येथे तर १२ जानेवारीलाच चपात्या पोहोचल्या होत्या. अवध, रोहिलखंड, सागर, नरसिंहपूर, जिकडून तिकडून तेच वर्तमान. काही इंग्रज अधिकाऱ्यांनी चपातीच्या वेगाचा अंदाज एका रात्रीत शंभर ते दोनशे मैल असा बांधला.

हा वेग जादूचा नव्हता. तो गणिताचा होता. एकाच्या चार झाल्या, चारांच्या सोळा, तर पाचव्या फेरीला १,०२४ आणि आठव्या फेरीला ६५,५३६ चपात्या होतात. एकाच गावाला दोन बाजूंनी चपाती आली असेल, एखाद्या चौकीदाराने आळस केला असेल, हे सारे वजा घातले तरी उरते ते थोडे नाही. शिवाय प्रत्येकाला चालायचे होते ते केवळ शेजारच्या गावापर्यंत. पाचशे मैल कोणीच चालला नाही. चपाती मात्र पाचशे मैल गेली. कर्णोपकर्णी जाणाऱ्या गोष्टीचे हे पहिले लक्षण होय. ती वाहणाऱ्याला फार श्रम देत नाही. चपाती करायला कोणाची परवानगी लागत नाही, पैसा लागत नाही, लिहितावाचता यावे लागत नाही. पीठ, पाणी आणि तवा ज्या घरी नाही असे घर विरळा. आणि ती गावोगाव पोहोचविणारा चौकीदार हा तर गावागावांमध्ये निरोप्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या करीत आलेला माणूस. वाट आधीच मळलेली होती. चपाती फक्त तिच्यावरून चालली.

आता खरे कोडे असे, की चपातीचा अर्थ कोणालाच ठाऊक नव्हता. देणाऱ्याने तो सांगितला नाही आणि घेणाऱ्यानेही त्यासाठी हात आखडला नाही. निमाडचे अधिकारी कॅप्टन कीटिंग यांनी नोंदविले, की त्यांच्या भागात चपात्या इंदूरच्या दिशेने आल्या. इंदुरात त्या वेळी पटकीचा कहर चालू होता. चपात्यांवर मंत्रप्रयोग करून त्यांच्याबरोबर रोग बाहेर धाडला आहे, अशी तेथील लोकांची समजूत होती. सर सय्यद अहमद खान यांनी १८५८ साली बंडाच्या कारणांवर जो उर्दू ग्रंथ लिहिला, त्यातही या चपात्यांचा संबंध पटकीच्या साथीशी जोडलेला आहे. मराठी वाचकाला हे चमत्कारिक वाटू नये. साथ आली की मरीआईचा गाडा सजवून शिवेपर्यंत नेऊन सोडावयाचा आणि पुढच्या गावाने तो आणखी पुढे ढकलावयाचा, ही चाल आपल्याकडेही होतीच.

पण दिल्लीकडे हाच पदार्थ निराळे बोलू लागला. बहादुरशहा जफर यांच्यावर १८५८ च्या जानेवारी ते मार्च या काळात जो खटला चालला, त्यात साक्षीदारांना चपात्यांविषयी मुद्दाम प्रश्न विचारण्यात आले. उत्तरे एकमेकांशी मुळीच जुळली नाहीत. कोणी म्हणाले, येणारे अरिष्ट टळावे म्हणून केलेला हा तोडगा. कोणी म्हणाले, सरकारनेच त्या वाटल्या. सर्वांना एकच अन्न खायला लावून ख्रिस्ती करण्याचा हा इशारा. मुईनुद्दीन हसन खान यांना तर आपल्या वडिलांच्या तोंडची एक आठवण आठवली. मराठ्यांची सत्ता ढासळली त्या सुमारासही भाकरीचा तुकडा आणि धान्याचे एक कणीस असेच गावोगाव फिरले होते, असे ते सांगत. तेव्हा हेही राज्य आता डळमळणार, असा त्यांनी अर्थ घेतला. ज्या मराठी सत्तेच्या अस्ताची आपण पुस्तकांतून तारीखवार माहिती वाचतो, तिची आठवण दिल्लीच्या एका ठाणेदाराच्या घरी या रूपाने शिल्लक होती!

चपातीमागे कोणाचा तरी कट असलाच पाहिजे, असे इंग्रज अधिकाऱ्यांना नंतर वाटू लागले. आपल्याकडेही स्वातंत्र्यवीर सावरकरांनी आपल्या १९०९ च्या ग्रंथात चपातीला क्रांतीच्या गुप्त दूताचे स्थान दिले. परंतु कटाचा पुरावा ना त्या खटल्यात पुढे आला, ना नंतर. शताब्दीच्या वर्षी, १९५७ मध्ये, सुरेंद्रनाथ सेन आणि रमेशचंद्र मजुमदार यांचे १८५७ वरील ग्रंथ प्रसिद्ध झाले. दोघांची दृष्टी भिन्न होती, तरी आधीपासून आखलेल्या देशव्यापी कटाची कल्पना दोघांनीही नाकारली. आम्हांस स्वतःला असे वाटते, की चपातीमागे कोणी नव्हते म्हणून तिचे महत्त्व कमी होत नाही; उलट वाढते. कोणाची योजना नसता, कोणाचा हुकूम नसता, एवढा मोठा प्रदेश एकाच गोष्टीने हलला, याचा अर्थ तो प्रदेश आधीच अस्वस्थ होता. चपातीत मजकूर नव्हता. प्रत्येक गावाने तो स्वतःचा घातला. जेथे पटकी होती तेथे ती पटकीविषयी बोलली, जेथे धर्माची धास्ती होती तेथे धर्माविषयी, आणि जेथे जुन्या राज्याची आठवण होती तेथे राज्याविषयी. रिकाम्या पाकिटावर ज्याने त्याने आपापला पत्ता घालावा, तसा हा प्रकार होता.

याच महिन्यांत दुसरी एक गोष्ट फिरत होती. ती चपातीसारखी मुकी नव्हती. कलकत्त्याजवळ दमदम येथे नव्या एन्फील्ड बंदुकीचे शिक्षण दिले जात होते. १८५७ च्या जानेवारीत तेथील शस्त्रागारातील एका खलाशाने एका ब्राह्मण शिपायाकडे त्याच्या लोट्यातून पाणी मागितले. जातीचे कारण सांगून शिपायाने नकार दिला. तेव्हा खलाशी म्हणाला, तुमची जात आता राहते किती दिवस? गाईची आणि डुकराची चरबी लावलेली काडतुसे लवकरच तुम्हांला दातांनी तोडावी लागणार आहेत. लेफ्टनंट राइट यांनी २२ जानेवारीस ही गोष्ट वर कळविली, परंतु तोवर ती छावण्यांतून पुढे गेली होती.

ही कथा इतकी का पसरली, याचा विचार करण्यासारखा आहे. ‘काडतुसांच्या वंगणाबाबत शंका आहे’ या वाक्याला पाय नसतात. पण येथे तहान होती, लोटा होता, अपमान होता आणि जिव्हारी लागणारे प्रत्युत्तर होते. दोन पात्रांचा हा प्रवेश कोणालाही एकदा ऐकून तंतोतंत सांगता आला असता. शिवाय त्यात एक न्यायही होता. ज्याला पाणी नाकारले त्याच्याच तोंडून, नाकारणाऱ्याला त्याच्या सोवळ्याचे भवितव्य कळले. ऐकणाऱ्याने त्याकडे लक्ष दिले असो वा नसो, सांगणाऱ्याच्या मनात तो न्याय जागा असणारच.

आणि त्यात सत्याचा कणही होता. दमदमच्या शिपायांच्या हाती तशी काडतुसे तोवर पडलीही नव्हती, हे खरे. पण वंगणासाठी घेतलेली चरबी कोणत्या जनावराची आहे याची खबरदारी घेतली गेली नव्हती, हे सरकारच्याच चौकशीत निघाले. सरकारने जानेवारीअखेर आज्ञा काढली, की शिपायांनी स्वतः आणलेले वंगण वापरावे. आज्ञा शहाणपणाची होती, परंतु शंका तोवर वंगणावरून कागदावर सरकली. कागद चकचकीत का दिसतो? जाळला तर वास का येतो? फेब्रुवारीत बराकपूरला चौकशी बसली, शिपायांच्या साक्षी झाल्या, कागद रासायनिक परीक्षकाकडे गेला. त्यात चरबी आढळली नाही. पुढे काडतूस दातांऐवजी बोटांनी फाडावे, अशी कवायतीतच सुधारणा केली. प्रत्येक पायरीवर सरकार एक पाऊल मागे आले आणि प्रत्येक पायरीवर शिपायांनी तर्क केला : काही नव्हते, तर मागे का आले? मार्चमध्ये कानपुरात मेरठकडून कालव्याच्या मार्गाने स्वस्त पीठ आले. ते स्वस्त का, याचेही उत्तर बाजाराने ताबडतोब शोधून काढले. त्यात म्हणे गाईची आणि डुकराची हाडे दळून मिसळली होती. लोकांनी त्या पिठाला हात लावला नाही.

गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९४७ मध्ये अफवांवर एक ग्रंथ लिहिला. त्यांचे सूत्र साधे आहे. गोष्ट ऐकणाऱ्याच्या दृष्टीने जितकी महत्त्वाची आणि तिच्याविषयीची खात्रीलायक माहिती जितकी कमी, तितका तिचा प्रसार मोठा. या दोहोंचा गुणाकार करावयाचा, बेरीज नव्हे. दोहोंपैकी एक शून्य असेल तर सारेच शून्य. १८५७ च्या शिपायापुढे महत्त्व आणि संदिग्धता दोन्ही शिगोशीग होती. त्याच्या अवधचे राज्य फेब्रुवारी १८५६ मध्ये खालसा झाले होते. समुद्रापलीकडे जाण्याची अट नव्या भरतीला घालणारा कायदा त्याच वर्षीच्या जुलैत झाला आणि विधवाविवाहाचा कायदाही त्याच महिन्यात. विधवाविवाहाचा कायदा आज आपण आदराने आठवतो. परंतु ज्यांना तो न विचारता, न समजावता, परक्या सत्तेकडून आला, त्यांनी त्याला माळेतील आणखी एक मणी मानले. १८५५ च्या सुमारास कलकत्त्याहून एडमंड नावाच्या मिशनऱ्याने सुशिक्षित एतद्देशीयांना आणि सरकारी नोकरांना पत्रे धाडली होती. रेल्वे आणि तारायंत्राने देश एक होत आहे, तेव्हा धर्मही एकच असावा, असा त्यांचा आशय होता. लोकांनी हे पत्र सरकारचेच मानले. बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर हॅलिडे यांना, सरकारचा याच्याशी संबंध नाही, असे जाहीर करावे लागले. ऐकणाऱ्यांच्या मनात पत्र राहिले. खुलासा राहिला नाही.

येथे आमच्यासारख्या सरकारी माणसाने थांबून विचार करावा. खुलासा खरा असून भागत नाही. तो करणाऱ्याचे पूर्वीचे वर्तन ऐकणाऱ्याच्या कानाशी बसलेले असते आणि खुलाशाला त्याच्या परवानगीने आत जावे लागते. १६ मे १८५७ रोजी गव्हर्नर-जनरल कॅनिंग यांनी जाहीरनामा काढून, कोणाच्याही धर्मात ढवळाढवळ करण्याचा सरकारचा हेतू नाही, असे सांगितले. तोवर मेरठ उठले होते आणि दिल्ली गेली होती. सरकारकडे तारायंत्र होते. पेशावरपासून कलकत्त्यापर्यंत तारा पोहोचल्या होत्या. पण शिपायाला बातमी देणारा माणूस त्याच्या गावचा, त्याच्या पंक्तीचा, त्याच्याबरोबर तंबूत झोपणारा होता. तारेने शब्द लवकर जातो, विश्वास जात नाही. विश्वासाला ओळखीचा चेहरा लागतो आणि तोंडी बातमीबरोबर तो चेहरा आपोआप येतो.

या साऱ्याचा एक मराठी साक्षीदार आहे, हे आपले भाग्य. पेणजवळच्या वरसईचे वेदमूर्ती विष्णुभट गोडसे मथुरेला बायजाबाई शिंदे यांचा यज्ञ होणार, दक्षिणा मिळेल, या आशेने आपल्या काकांबरोबर १८५७ साली उत्तरेकडे निघाले आणि नेमके वणव्यात सापडले. त्यांचा ‘माझा प्रवास’ हा ग्रंथ चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केला आणि दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये मूळ हस्तलिखितावरून त्याची शुद्ध आवृत्ती काढली. झाशीच्या वर्णनासाठी तो सर्वांना ठाऊक आहे. आम्हांस मात्र त्याचा आरंभीचा भाग तितकाच मोलाचा वाटतो. विष्णुभटांनी काडतुसांची कथा दिली आहे. त्याचबरोबर, इंग्रजांनी कलकत्त्यास राजेरजवाड्यांची सभा भरवून धर्म बुडविणाऱ्या कलमांची लांबलचक यादी त्यांच्यापुढे ठेवली, असेही सांगितले आहे. अशी सभा कधी भरलीच नाही. पण म्हणून विष्णुभट खोटे लिहितात असे नव्हे. जे वाटेत, धर्मशाळांत, छावण्यांच्या कडेला त्यांच्या कानी पडले ते त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले. त्या यादीत लोकांना वाटणाऱ्या भीतीची कलमवार मोजदाद आहे. सरकारच्या दप्तरात ती सापडणार नाही, कारण सरकारने ती कधी विचारलीच नव्हती.

भीतीला कारण लागते आणि कारण नसेल तर माणूस ते निर्माण करतो, याचा पुरावा आपल्याच देशाने पुढे आणखी एकदा दिला. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारात महाभयंकर भूकंप झाला. जमुना प्रसाद या अभ्यासकाने त्यानंतर उठलेल्या अफवा टिपून घेतल्या आणि १९३५ मध्ये त्यांवर निबंध प्रसिद्ध केला. गंगेचे पाणी नाहीसे झाले आणि स्नान करणारे वाळूत रुतले. पाटण्यावर वादळ येणार. चंद्रग्रहणाच्या दिवशी पुन्हा भूकंप होणार. ज्यांना धक्का जाणवला परंतु ज्यांचे घर पडले नाही, अशा लोकांत या गोष्टी जोराने फिरत होत्या. लिऑन फेस्टिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये त्यांचा असा उलगडा केला : लोक घाबरलेले होते, पण डोळ्यांसमोर घाबरण्याजोगे काही नव्हते. मग भीतीला शोभेल असे संकट त्यांनी शोधून काढले. अफवेने भीती उत्पन्न होते, असे आपण समजतो. पुष्कळदा भीती आधी असते आणि अफवा ही तिने काढलेली पावती असते.

कोणी म्हणेल, तुम्ही केवळ भयाच्याच गोष्टी सांगता. चांगले विचार तोंडोतोंडी पसरत नाहीत काय? पसरतात, आणि त्यांचा मार्गही तोच आहे. संत नामदेव पंढरपुराहून निघून पंजाबात गेले. गुरुदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे त्यांचे स्थान आहे. १६०४ मध्ये गुरू अर्जुनदेवांनी आदिग्रंथ सिद्ध केला, तेव्हा नामदेवांना जाऊन अडीचशे वर्षे होऊन गेली होती. तरी आज गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. मधल्या काळात या पदांना मुख्य आधार गाणाऱ्यांच्या गळ्यांचा. त्यांतही चपातीचे गुण दिसतात. पद लहान असते, चालीमुळे लक्षात राहते, म्हणायला खर्च नाही, अधिकार लागत नाही, आणि ऐकणाऱ्याला आपल्या जीवनाचा अर्थ त्यात घालता येतो. शिंप्याच्या मुलाने देवाचे नाव घेतले आणि देवाने ते ऐकले, ही गोष्ट पंजाबातील कारागिराला स्वतःचीच वाटली असेल तर नवल नाही. २०१५ च्या एप्रिलमध्ये ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले. तोवर आपण महाराष्ट्रीय लोक त्या गावाला जवळजवळ विसरलो होतो. गाव मात्र नामदेवांना विसरले नव्हते.

मग चपाती आणि पद यांत भेद कोणता? चपाती दोन-तीन महिन्यांत नाहीशी झाली. तिच्यात प्रत्येकाची भीती मावली, पण भीती निघून गेल्यावर हाती ठेवण्यासारखे काही उरले नाही. पद उद्याही म्हणता येते. पसरणे आणि टिकणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पसरण्याला अस्वस्थ काळ, ओळखीचे तोंड आणि हलका भार पुरतो; टिकण्याला मात्र रोजच्या जगण्यात काही उपयोग असावा लागतो.

आज तोंडाची जागा पुष्कळशी मोबाइल फोनने घेतली आहे. आमच्या लहानपणी एखाद्या देवतेच्या नावाने पोस्टकार्ड येत असे : हा मजकूर अकरा जणांना पाठवा, न पाठविल्यास अनर्थ होईल. तेच आता अंगठ्याच्या एका दाबाने घडते. अकरा असो, पाच असो वा चार असो, इंद्रपतच्या चौकीदाराला हा प्रकार समजावून सांगावा लागला नसता. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो ही वार्ता दिल्लीत पहाटे उठली आणि त्याच दिवशी देशभर, देशाबाहेरही पोहोचली, तेव्हा तर मोबाइल हाती आलेलेही नव्हते. केशाकर्षणाचे आणि पृष्ठताणाचे कारण शास्त्रज्ञांनी त्याच दिवशी प्रयोग करून सांगितले. तरी चमचाभर दूध घेऊन स्वतः करून पाहण्याचा आनंद लोकांना अधिक जवळचा वाटला. जी गोष्ट ऐकणाऱ्यालाच काहीतरी करावयास लावते, ती नुसत्या सांगण्यापेक्षा दुप्पट वेगाने जाते, हे मथुरेच्या त्या चार चपात्यांनी पूर्वीच दाखविले होते.

अफवेचा धिक्कार करणे सोपे आहे आणि ज्या अफवेने निरपराधाचा जीव जातो तिचा बंदोबस्त झालाच पाहिजे, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. परंतु राज्य चालविणाऱ्याने, संस्था चालविणाऱ्याने, घर चालविणाऱ्यानेसुद्धा, आवई कानी आली की ती खरी की खोटी एवढेच तपासून स्वस्थ बसू नये. ती या लोकांनी का ऐकून घेतली, हेही विचारावे. तिला कोणी सही केलेली नसते, तिच्यावर तिकीट लावलेले नसते, पण पुष्कळदा तो एक अर्जच असतो. १८५७ साली थॉर्नहिल यांच्या मेजावर असे चार अर्ज पडले होते. त्यांवर काय शेरा मारावा, हे त्यांना कळले नाही.

आपल्या मंडळाची पन्नास वर्षे ही तरी दुसरे काय आहे? परप्रांतात मराठी बोलणारा माणूस बाजारात, गाडीत, कचेरीत कानावर पडलेल्या दोन शब्दांनी ओळखला जातो. मग त्याला गणेशोत्सवाचे सांगितले जाते, तो दुसऱ्याला सांगतो. मंडळाच्या घटनेत, इतिवृत्तांत आणि हिशेबाच्या वह्यांत हे कोठे नोंदलेले नसेल. ज्या मुलांची शाळा हिंदीत किंवा इंग्रजीत होते, त्यांच्यापर्यंत मराठी अजूनही आजीच्या तोंडूनच पोहोचते. ती पोहोचते, एवढे आपण पन्नास वर्षांत पाहिले आहे. ती टिकेल की नाही, हे त्या मुलांना रोजच्या जगण्यात तिचे काही काम पडते की नाही, यावर ठरेल. त्याची व्यवस्था करणे पुढील पन्नास वर्षांत आपल्या हाती आहे.